लेन्समध्ये सापडलेली माकडटोपी

मागच्या रविवारी रेवदंड्याला गेलो होतो, सुरयचे फोटो काढायला. सुरय म्हणजे कुरव पक्ष्याचा सडपातळ भाऊबंद... हवेत एका जागी फडफडतो आणि एकदम पाण्यात सूर मारतो. गेले काही हिवाळे मी त्याच्या मागे आहे आणि माझ्याकडे फ्रेममधून निसटताना टिपलेल्या त्याच्या शेपटांचा उत्तम संग्रह झालाय.

या वेळी तयारी जय्यत होती. मोठी टेलिफोटो लेन्स होतीच, तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायचा टेलिकन्व्हर्टर नवीन घेतला होता. त्याने लांबचं आणखी जवळ येतं, पण उजेड कमी होतो, फोकस सावकाश लागतो आणि हात जरा हलला की पक्षी फ्रेमच्या बाहेर... बायको या सगळ्या प्रकाराला 'नळकांडं' म्हणते.

सकाळची ओहोटी होती. खाडीच्या तोंडाशी चिखल उघडा पडला होता आणि पक्ष्यांची नुसती झुंबड. मी ट्रायपॉड लावला आणि नेहमीप्रमाणे शेपटं जमवायला सुरुवात केली.

शेजारी बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या एक मावशी दोन-तीनदा माझ्याकडे बघून गेल्या. मी ओळखलं, आता विचारणार... यातून चंद्र दिसतो का! किनाऱ्यावर प्रत्येक जण हेच विचारतो. मी उगाच डोळा कॅमेऱ्याला चिकटवून ठेवला.

तरी त्या आल्याच. "दादा, यातून ती होरी दिसंल काय?"

खाडीच्या बाहेर, खूप लांब, होडीचा एक ठिपका होता. "दिसेल की, थांबा जरा," म्हणून मी पुन्हा पक्ष्यांकडे वळलो. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "आमचे हायत त्यात. अंगात ताप घेऊन गेलेत. काल सांजपासून फोन लागत नाय."

मग सगळं कळलं. होडीवर तिघं... मावशींचा नवरा, दीर आणि एक खलाशी. काल संध्याकाळी परतायला हवे होते. होडी दिसली ती आज सकाळी, आणि तोवर ओहोटी लागली. पाणी उतरलं की होडी आत येऊ शकत नाही, भरती चढेपर्यंत बाहेरच थांबावं लागतं. किनाऱ्यावरच्या होड्याही चिखलात बसलेल्या, त्यामुळे कुणी जाऊन बघेल तर तेही नाही. होडी डोळ्यांसमोर, पण आत कोण आहे आणि कोण नाही, ते दुपारपर्यंत कळणार नव्हतं.

मी लेन्स तिकडे फिरवली. दोन माणसं उभी दिसली.

"किती जना हायत?" मावशींनी विचारलं.

खरं सांगतो, त्या क्षणी कॅमेरा बॅगेत घालून घरी निघून जावंसं वाटलं. "हलतंय फार," एवढंच म्हणालो.

"दोगंच हायत ना?" त्या म्हणाल्या. हातातला बोंबील तसाच धरून उभ्या राहिल्या.

होडी लाटेवर वर यायची आणि खाली जायची. आतलं दिसायचं ते डोळ्याचं पातं लवतं तेवढंच. मग डोक्यात आलं, अरे, उडणाऱ्या पक्ष्याला आपण काय करतो? बटण दाबून धरतो, धडाधड फोटो काढत राहतो आणि नंतर त्यात शोधत बसतो...

शटर स्पीड वाढवला. होडी वर यायला लागली की श्वास रोखून बटण दाबून धरायचो. मग दोघांनी मिळून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एकेक फोटो बघायला घेतला. मावशींनी पदराने ऊन अडवलं. दोघं... दोघं... नुसती लाट... दोघं...

आणि एका फोटोत होडी आमच्या बाजूला कलली होती. तळाशी कुणीतरी ओणवं होऊन डब्याने पाणी उपसत होतं. चेहरा दिसतच नव्हता, डोक्यावर लालभडक काहीतरी होतं. मी फोटो मोठा केला.

"माकडटोपी!" मावशी ओरडल्याच. "मीच घातली त्यांच्या टकुऱ्यात, जबरदस्तीनं!" आणि तिथेच वाळूत बसून रडायला लागल्या. मीही शेजारी बसलो.

दुपारी भरतीच्या पाण्यावर होडी आत आली. आदल्या दुपारीच इंजिन बंद पडलं होतं, फळीतून पाणी झिरपत होतं, होडीवरचा एकुलता एक फोन भिजून मेला होता. मला वाटलं मावशी पुन्हा रडणार... छे! काकांची जी खरडपट्टी काढली म्हणता! एक हात त्यांच्या कपाळावर, ताप बघायला, आणि तोंडाचा पट्टा चालू.

काका बिचारे माझ्याकडे बघून म्हणाले, आता आमचा एक फोटो काढा. टोपी काढायला गेले तर मावशींनी हातावर चापट मारली. "ऱ्हाऊ दे ती!"

पण माझी लेन्स झूम होणारी नाही. टेलिकन्व्हर्टर काढून ठेवला तरी दोघं फ्रेममध्ये मावेनात. मागे मागे सरकत पार सुरूच्या झाडांपाशी गेलो. तिथून डोळा लावला तर... मी लांब गेलोय, आता दिसणार नाही असं समजून मावशींनी काकांची बाही मुठीत घट्ट धरली होती. चेहऱ्यावर मात्र अजून राग.

सुरय याही रविवारी मिळाला नाही. पण त्या माउलीला भरतीपर्यंतचे तास जीव मुठीत धरून काढावे लागले नाहीत... नळकांड्या, तुझे उपकार आहेत रे बाबा.