गुलाबी मेंढ्या आणि पऱ्हाट्यांचा कोळसा

"विद्या, बापूंच्या मेंढ्या गुलाबी झाल्यात. काही हिरव्या बी हायत. हसू नको, लई टेन्शन हाय."

मी हसलेच. फोनवर शकू होती, माझी होस्टेलमधली मैत्रीण. लग्नानंतर ती बीड जिल्ह्यात चौसाळ्याजवळच्या एका वाडीत राहते आणि पोळ्यासाठी बैलांचे गोंडे बनवते. तिच्यासोबत आणखी तीन बायका काम करतात. लोकरीच्या लडी हंड्यात उकळून रंगवायच्या आणि उरलेलं पाणी ओढ्यात सोडायचं, असं चार वर्षं चाललं होतं. यंदा ओढा नेहमीपेक्षा बारीक होता आणि मेंढ्या नेमक्या रंगात उतरल्या. तोंडं हिरवी, पाय गुलाबी. डॉक्टरांनी तपासलं, आजारी एकही नव्हती. पण मेंढ्यांचे मालक सोपानबापू सरपंचबाईंकडे गेले आणि पाणी स्वच्छ झाल्याशिवाय चूल पेटवायची नाही, असं ठरलं. पोळा तोंडावर आलेला.

मी पुण्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. फोनवर मी तिला कोळशाची गाळणी सांगितली. तिने ती बांधलीसुद्धा. रविवारी सकाळी सगळ्यांसमोर गाळणीची परीक्षा होती. शनिवारी मी पिशवी उचलली.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून पहाटेची केजकडे जाणारी एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आहे. नगर, आष्टी, जामखेड करत गाडी सौताड्याच्या घाटात येते. डावी-उजवी खिडकी बघत बसू नका, दोन्हीकडे हिरवंगार असतं. जामखेडला भजी खाल्ली, चहा घेतला. लिंबागणेशला शेजारच्या मावशींनी गणपतीच्या दिशेने हात जोडले आणि मला विचारलं, "तुमी कुणाकडं?"

"मैत्रिणीकडे. रंगाचं पाणी स्वच्छ करायला."

मावशींनी जरा विचार केला. "त्याला पुण्याहून यावं लागतं व्हय?"

मांजरसुंब्याला उतरले. तिथून चौसाळ्याला जीप भरून निघते, म्हणजे खरोखरच भरून. माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोथिंबिरीची जुडी होती. हायवेवर कुंथलगिरीचे पेढे मिळतात. अर्धा किलो घ्या, पाव किलो जीपमध्येच संपतो.

शकू स्कूटीवर न्यायला आली होती. तिच्या लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत ती जाड झाली होती, मीही. दोघी एका स्कूटीवर बसलो तेव्हा स्कूटीने निषेध नोंदवला आणि आम्ही वाडीपर्यंत खिदळत गेलो.

तिची गाळणी पाहून मी थक्क झाले. एकावर एक तीन प्लास्टिकचे ड्रम, आणि प्रत्येक रंगासाठी असा एक संच. वरच्यात खडी आणि वाळू, मधल्यात कोळसा, खालच्याला तोटी. कोळसा कापसाच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या वाळक्या काड्यांचा. बंद पिंपात, हवा न लागू देता भाजलेला. मी भिंगातून एक तुकडा बघितला. बाहेरून काळा दगड, आतून नुसती भोकं. डोळ्याला दिसतात त्याहून कितीतरी बारीक भोकं आणखी आत असतात. या सगळ्या भिंतींना रंग जाऊन चिकटतो आणि पाणी पुढे निघून जातं.

"घाल पाणी," मी म्हटलं.

तिने गुलाबी पाणी ओतलं. तोटीतून काळं पाणी आलं. गुलाबी नव्हतं, हे मान्य करायला हवं.

शकू खाली बसली. "आता बापू म्हणतील, गुलाबीच्या काळ्या केल्या."

मग हसू आवरेना. हसता हसताच मला चूक कळली: कोळसा धुतला नव्हता, सगळी भुकटी खाली येत होती. अंधार पडायच्या आत आम्ही पाचही जणींनी हातपंपावर तो धुतला, चाळला, तळाशी जुन्या लुगड्याच्या चार घड्या घातल्या आणि तोटी थेंबाथेंबावर आणली. पाणी घाईत पळालं तर रंगाला चिकटायला वेळच मिळत नाही. आमच्या हातांकडे बघून शकूच्या सासूबाईंनी भाकरी थापायला साफ मनाई केली. त्यांनीच पिठलं-भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली.

सकाळी सोपानबापू आले, पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी. मागे सरपंचबाई आणि निम्मी वाडी. बापूंनी एक मेंढी पुरावा म्हणून बरोबर आणली होती. तिचे पाय अजून गुलाबी होते. मी दुसरीकडे बघितलं, नाहीतर हसले असते.

गुलाबी पाणी ओतलं. थांबलो. मी तोटीखाली काचेची बाटली धरली होती. पहिला थेंब पडला. दुसरा. बाटलीचा तळ भरला. उजेडात धरली तर पलीकडे सरपंचबाईंचं नाक स्वच्छ दिसलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. शकूने माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

"हिरवं घाला," बापू म्हणाले.

दुसऱ्या गाळणीत हिरवं घातलं. तेही नितळ आलं. मी चक्क दोन उड्या मारल्या.

बापूंनी बाटली माझ्यापुढे केली. "मग पी की."

मी घेणारच होते, इतकी चढली होती मला. शकूने हात धरला. मग मी भानावर आले. "नाही बापू. रंग गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही. हे मेंढ्यांनाही द्यायचं नाही. परत हंड्यातच वापरायचं."

"हां," बापू म्हणाले. "आता खरं बोलली."

मग पिवळं. ओतलं पिवळं, आलं पिवळं. पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. हा रंग वेगळ्या जातीचा, आमच्या कोळशाला धरत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. शकूच्या पिवळ्या मालाच्या ऑर्डरी घेतलेल्या होत्या. ती म्हणाली, "यंदा पिवळा बंद. व्यापाऱ्यास्नी मी सांगते."

बापूंनी तिच्याकडे बघितलं. "आन् कोळशात बसलेला रंग? तो कुटं जानार?"

"पक्कं मलाही माहीत नाही," मी म्हटलं. जाळायचा नाही, शेतात टाकायचा नाही, तोवर पोत्यांत भरून छपराखाली कोरडा ठेवायचा; मी पुण्यात विचारते. बापूंनी मान हलवली. "ओढ्यात न्हाई ना? मग पेटवा चूल."

येताना जीपमध्ये पुढची सीट मिळाली. जाणार असाल तर पोळ्याच्या आधी जा, जुने कपडे घाला, आणि पाण्याची बाटली स्वतःची न्या.

पोळ्याच्या संध्याकाळी शकूने व्हिडिओ पाठवला. बैलांच्या शिंगांवर गुलाबी-हिरवे गोंडे, पिवळा कुठेच नाही. शेवटी बापू दिसतात. त्यांच्या मोठ्या मेंढ्याच्या गळ्यात गुलाबी गोंडा आहे. कुणीतरी विचारतं, "बापू, मेंढ्याला गोंडा कावून?"

"त्याला आवडतो गुलाबी," बापू म्हणतात आणि गंभीर तोंडाने पुढे चालू लागतात.

कोळशातला रंग अजून पोत्यांत आहे. मी दोन ठिकाणी विचारलंय, पक्कं उत्तर आलेलं नाही. पण अठरा वर्षं कोळशाने रंग काढायचा हा प्रयोग मी फळ्यासमोर उभी राहून शिकवला, आणि उत्तर नेहमी आधीच माहीत असायचं. या वर्षी वर्गात मी तो उत्तर न सांगता करायला दिला. मुलं तोटीखाली बाटली धरून थांबली. मीही थांबले.