आठव्या पिनेवरचा पंखा

सांडपाण्याच्या टाकीत उतरण्याआधी चिंधी बघायची, हा मिस्त्रीचा नियम. प्रत्येक टाकीत हवा सोडणाऱ्या पंख्याच्या तोंडाशी त्याने जुन्या शर्टाची वीतभर पट्टी बांधली होती. पंपांच्या धडधडीत पंख्याचा आवाज कुणालाच ऐकू येत नसे. चिंधी फडफडली तर खाली हवा आहे, लोंबली तर नाही. मिस्त्रीचा उस्ताद एका मंगळवारी जाळी साफ करायला उतरला आणि जाळीपाशी, विडी ओढत बसल्यासारखा सापडला. त्याला एकतीस वर्षं झाली. चिंध्या किती बदलल्या, नियम बदलला नाही.

दुसरा नियम वायरीचा. मापून एकदाच कापायची, मध्ये जोड द्यायचा नाही. "जोडाची वायर म्हणजे उसनं अवसान," असं तो म्हणे.

गेल्या आठवड्यात त्याच्या बहिणीच्या मुलीने सहा पंपघरांत पेट्या बसवल्या. पेटीत तळहाताएवढा बोर्ड, म्हणजे लिनक्सवर चालणारा अख्खा कॉम्प्युटरच, आणि त्याच्या कडेला चाळीस पिनांची दुहेरी रांग. एका पिनेवरून रिलेला, म्हणजे विजेच्या खटक्याला, इशारा जायचा, रिले पंखा लावायचा आणि पेटीच्या छोट्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची: पंखा चालू. वायरिंग सगळं मिस्त्रीचं. भाचीने कागदावर बारावी पिन लिहून दिली होती. पहिल्याच पेटीत वायर नखाएवढी आखूड पडली. नवी ओढायची तर अर्धा दिवस जाणार, आणि जोड देणं त्याच्या जिवावर आलं. आठवी पिन जवळ होती, मोकळी होती.

"आठवर लावू का गं?"

"लाव मामा. मी प्रोग्रामात आकडा बदलते."

मग सहाही ठिकाणी त्याच मापाने वायरी कापल्या. शुक्रवारी सहाही पंखे फिरले. शेवटच्या पंपघरातला पैलवान हसला. "मिस्त्री, पडदा आला आता. ही चिंधी काय तोंड पुसायला?" आणि त्याने पट्टी सोडून खरंच तोंड पुसलं.

मंगळवारी सकाळी गावभरची वीज जाऊन आली. मिस्त्रीच्या पंपघरात पेटीतून कटकटकट आवाज आला, थंडीने दात वाजावेत तसा, आणि थांबला. मिस्त्रीने मान वळवली. पडदा हिरवा होता. तो गळका व्हॉल्व्ह आवळायला गेला.

साडेदहाला परतला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे लंबू म्हणत, शिडीवरून छातीपर्यंत टाकीत उतरला होता. चिंधी सरळ खाली लोंबत होती.

"वर ये."

"हिरवं आहे की, दादा."

"वर ये म्हणतो."

"आता उतरलोच आहे तर..."

मिस्त्रीने त्याची कॉलर धरली. लंबू वर येऊन काठावर बसला आणि कपाळ चोळू लागला. "डोकं जड झालंय. बुटका असतो तर मेलोच होतो."

मिस्त्रीने भाचीला हाक मारली.

भाची मागच्या खोलीत होती. ती लॅपटॉप घेऊन धावत आली. मिस्त्रीने तिला बोलू दिलं नाही, आधी हातचं बटण दाबलं. पंखा फिरला, चिंधी उडाली. पंखा चांगला. मग बटण सोडून रिलेची इशाऱ्याची वायर पिनेवरून काढून जमिनीच्या तारेला टेकवली, म्हणजे हातानेच इशारा दिला. टक. चिंधी उडाली. रिलेही चांगला. वायर परत आठव्या पिनेवर लावली. चिंधी लोंबली.

"म्हणजे तुझा बोर्ड," तो म्हणाला.

भाचीने लॅपटॉपवर बोर्डाची नोंदवही उघडली. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. "आठवी पिन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात आहे, देता येत नाही, असं लिहिलंय."

"मग पडदा चालू कसा म्हणतो?"

"पडदा माझा हुकूम दाखवतो, मामा. पंखा नाही."

"आणि पिन कुणाकडे?"

ती नोंदवहीतली ओळ पुन्हा वाचत म्हणाली, "बोर्ड चालू होताना काय काय करतोय ते एका पिनेवरून सांगत असतो. बिघाड शोधायला बरं पडतं. ती बडबड मी शनिवारी ऑफिसातून चालू केली, पण बोर्ड बंद होऊन परत लागला की मगच ती सुरू होते, आणि आज वीज गेली. तिची पिन आठवी. त्यासाठीच मी आठ मोकळी ठेवली होती, आणि तू विचारलंस तेव्हा ते लक्षातच आलं नाही."

सकाळचे वाजलेले दात मिस्त्रीच्या कानात परत वाजले.

"शनिवारी किती बोर्डांवर?"

"सगळ्या."

घड्याळात अकराला दहा कमी होते. बाकी पाचही ठिकाणी लोक अकराला उतरत.

"मी इथून बडबड बंद करते," भाची म्हणाली. "बोर्ड परत सुरू व्हायला दोन मिनिटं लागतील." तिची बोटं चालू लागली. मिस्त्रीने फोन लावला. पहिला उचलला, दुसरा उचलला. तिसऱ्याने चहा संपवू का विचारलं, त्याला त्याने शिवी घातली. चौथा शिडीवर होता, पण त्याने चिंधी बघितली होती आणि तो पंख्याला शिव्या देत थांबला होता.

पाचवा पैलवान. घाईचा माणूस, नेहमी वेळेआधी उतरणारा. फोन वाजत राहिला.

"फोन वरच ठेवून जातो तो," लंबू हळूच म्हणाला.

"मामा, त्याचा बोर्ड परत सुरू झाला," भाची म्हणाली. "पंखा आता फिरत असेल."

"असेल म्हणजे?"

"पडद्यावर हिरवं..." ती तिथेच थांबली.

मिस्त्रीने खुंटीवरचा दोर खांद्यावर टाकला. "लंबू, गाडी काढ." फोन त्याच्या कानाशी वाजतच होता. दारातून बाहेर पडताना त्याने चाकूने आपल्या शर्टाची एक पट्टी फाडली आणि मुठीत धरली.