जपानी देवळाची इंदुरी आरती

इंदूरच्या सियागंज बाजारात आयुष्यभर नळ-पाइपांचं दुकान चालवलेल्या शंकररावांना कुठलीही गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही. साधा वॉशर विकतानाही ते गिऱ्हाइकाला पाण्याच्या दाबावर व्याख्यान द्यायचे.

गेल्या वर्षी जपानात नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीनं, यामिनीनं, त्यांना तिथल्या एका दूरच्या बेटावर नेलं. बेटावरच्या शिंतो देवळाच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं देवळाचा सगळा इतिहास सांगितला. यामिनी मराठीत सांगत गेली, आणि शंकररावांनी पुजाऱ्याचे हात धरून शब्द दिला, "इंदूरला जाऊन सगळा सांगीन. काही म्हणजे काही गाळणार नाही." तेव्हापासून आमची कॉलनी त्यांना टाळते.

शेवटी मराठी मंडळाची चिटणीस म्हणून मीच त्यांचं भाषण ठेवलं, विषय एकदाचा मिटावा म्हणून. पत्रिकेत खाली 'नंतर कचोरी' असं ठळक छापलं. हॉल भरला.

शंकररावांनी पडद्यावर देवळाचा फोटो लावला आणि इतिहास सांगत पहिल्या वादळापर्यंत पोचले. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या अंबिकाबाईंना समोर देऊळ दिसलं, हात आपोआप जुळले आणि त्यांनी आरतीच सुरू केली. आरती सुरू झाल्यावर आमच्याकडे बसून कोण राहतं? सगळे उभे. मंडळाच्या गणपतीच्या कपाटातून ताम्हण आलं, पडद्याला ओवाळलं गेलं.

"अरे भिया, रुको तो! अजून पहिलंच वादळ चालू आहे!" शंकरराव ओरडले.

"काका, आरती झाली ना," कॉलनीतला देवेंद्र म्हणाला. "अब प्रसाद वाटा. कचोरी ठंडी होऊन राहिली."

आरती झाली की कार्यक्रम संपला, हे काय सांगायला हवं? रांग लागली. शंकररावांचा चेहरा इतका पडला की मलाच लाज वाटली. मग ते ताडकन पुढे झाले, कचोरीचं पातेलं ताब्यात घेतलं आणि गरजले, "जो ऐकेल त्यालाच मिळेल!"

माणशी एक कचोरी, एक प्रसंग. अंबिकाबाईंना मासे धरताना कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेला आरसा मिळाला. तोच तिथला देव. देवेंद्रला वादळात उडालेलं छप्पर. सुरभीला मोडक्या नावेच्या फळ्यांनी देऊळ पुन्हा बांधणारा सुतार.

"फिर काय झालं, काका?" तिनं विचारलं.

"मागच्याला विचार."

लोक कचोरी खात खरंच एकमेकांना विचारत हिंडायला लागले.

मी रांगेत सगळ्यात शेवटी होते. माझ्या वाट्याचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "आता बेटावर फक्त पुजारीच उरलाय. रोज सकाळी दार उघडतो. येत कोणीच नाही."

मला एकदम रडू फुटलं. दुसरी कचोरी मागायचं राहूनच गेलं.