पळालेलं चित्र सात

"भास्कर अब साइट पर नहीं जाएगा," जिग्नेशभाई म्हणाले. हे आमचे शेठ. सचिन नावाच्या गावातल्या औद्योगिक इस्टेटीत आमचा माग बनवायचा कारखाना होता. धागा तुटला की माग आपोआप थांबायला हवा. भास्करभाऊंनी जोडलेला नवा माग थांबलाच नाही. ब्रेकची स्प्रिंग शेजारच्या भलत्याच खुंटीवर सापडली.

भास्करभाऊ गोडादरा या वस्तीत राहायचे, मूळ माझ्यासारखेच खानदेशातले. इतकी वर्षं फिटर, आणि आता पहिल्यांदाच मुख्य फिटर म्हणून गिऱ्हाइकाकडे माग बसवायला निघाले होते. घरी सांगूनही झालं होतं. ते मान खाली घालून उभे राहिले. जोडणीचं मॅन्युअल मी लिहिलेलं, तरी दोष मी त्यांच्यावर जाऊ दिला. मला लाज वाटत होती.

टेबलावर येऊन मॅन्युअल उघडलं. तेव्हा संगणकावर अशी PDF बनवणं नवीन होतं. मी मजकुरात आज्ञा टाइप करायचो, पानं सॉफ्टवेअर लावायचं. याचा मला भारी तोरा. ब्रेकच्या मजकुराखाली मी लिहिलं होतं, 'चित्र सात, इथे'. पण ही आज्ञा म्हणजे नुसती विनंती असते. पानावर जागा उरली नव्हती, म्हणून सॉफ्टवेअरनं चित्र मुकाट्यानं पुढच्या पानावर नेलं. तिथं काम दुसरंच होतं.

आमचे फिटर इंग्रजी मजकूर वाचत नसत, चित्रं बघत. त्यांचा रिवाज एकच: एक पान, एक काम. पान संपलं की बोल्ट आवळायचे, झाकण लावायचं, पानावर खडूची फुली मारायची. भास्करभाऊंनी तेच केलं होतं: ब्रेकच्या पानावर चित्र नव्हतं, म्हणून स्प्रिंग अंदाजानं बसवून झाकण लावलं. मॅन्युअल लिहिताना मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

मग मी शेठच्या केबिनमध्ये गेलो; भास्करभाऊ अजून तिथंच होते. "चूक भास्करभाऊंची नाही. माझं चित्र पुढच्या पानावर गेलं."

"चित्र चालता है क्या?" जिग्नेशभाईंनी विचारलं.

भास्करभाऊ पहिल्यांदा हसले. "तुनं चित्र फिराले गयं व्हतं का रे भो?"

मी विनंतीच्या जागी सक्तीची आज्ञा टाकली आणि प्रत्येक काम नव्या पानावर सुरू केलं. चित्रं जागेवर बसली, पण कित्येक पानं अर्धी कोरी राहिली. जिग्नेशभाईंनी एक पान उजेडात धरून रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "आ अडधुं पानुं खाली केम?"

"राहू द्या शेठ," भास्करभाऊ म्हणाले, "मला लिहायला होईल."

साइटवर तेच गेले. माग धागा तुटला की थांबत होते. तेव्हापासून मी मॅन्युअल छापायला देण्याआधी फिटरच्या हातात देतो आणि तो कुठं अडतो ते बघत बसतो. सॉफ्टवेअर शिकायला मला सहा महिने लागले होते, हे शिकायला एक स्प्रिंग लागली.

त्यांची प्रत परत आली ती तेलानं माखलेली. ब्रेकच्या पानावर, कोऱ्या अर्ध्या भागात, पेन्सिलनं लिहिलं होतं: 'आधी स्प्रिंग, मग झाकण. चित्र दिसले नाही तर मॅन्युअलवाल्या साहेबांना विचारावे, ते कुठे गेले त्यांना ठाऊक असते.'