कासवाचा स्टिकर

किर्रर्र… टक. किर्रर्र… टक.

हा आवाज वर्षभर आमच्या घरात नव्हता. सुनंदा गेली त्याला आज वर्ष झालं.

विनाइलच्या रंगीत शीटवर अक्षरं कापणारं तिचं छोटं मशीन. दोन हजार सालानंतर कधीतरी चंदीगडजवळच्या डेराबस्सीच्या एका बोर्डवाल्याकडून सेकंडहँड आणलं, आणि आमचं डायनिंग टेबल कायमचं गेलं.

तेव्हा जुन्या स्कूटरवाल्यांचा एक ऑनलाइन फोरम होता. तिथे तिनं आपल्या स्कूटरचा फोटो टाकला. मागे तिनंच केलेला स्टिकर:

"घरी सांगून निघालात ना?"

झालं. देशभरातली मराठी पोरं मागायला लागली.

तिचा नियम एकच. विकायचा नाही, कुरियर करायचा नाही. मनालीला जाताना चंदीगडला आमच्या घरी यायचं, पोहे खायचे, मग ती स्वतः स्कूटरवर चिकटवणार.

मी शाळेत पाठ केलेल्या कवितांवर जगणारा माणूस. म्हटलं, एखादं छानसं कडवं काप की.

"अहो, मागचा ट्रकवाला कडवं वाचेपर्यंत धडकेल."

पहिला लॉट कचऱ्यात गेला होता. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी, आपली शिरोरेषेला धरून. कापण्याआधी कॉम्प्युटरवर ती जोडून एकसंध करावी लागतात, नाहीतर ब्लेड प्रत्येक सांध्यावर फिरतं. सोलायला गेलं की काना इकडे, मात्रा तिकडे.

त्यानंतर ती कधी चुकली नाही.

फोरमवर कोल्हापूरचं एक 'कासव' होतं. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. दरवर्षी लिहायचं, "काकू, माझा जपून ठेवा. स्कूटर घेऊनच येणार."

तिनं कापून ठेवला. ओळीखाली एक इवलंसं कासवही.

फोरम बंद पडला. कासव आलं नाही.

मुक्ता, आमची मुलगी, म्हणायची, "मम्मा, छोड़ो यार. वो नहीं आएगा."

"येईल गं. कासव आहे ते."

हॉस्पिटलात शेवटी शेवटी मला म्हणाली, "ते आलं तर तुम्ही चिकटवा. मधून कडेकडे दाबत जा. घाई केलीत की हवेचा फुगा राहतो."

आज सकाळी तो स्टिकर बाहेर काढला. गोंद कधीच वाळला होता. हातातच तुकडे पडले.

तिनं जाताना सोपवलेली एवढी एकच गोष्ट.

मशीन लावलं. नवा कापला. आणि अक्षरं जोडायचंच विसरलो! 'घरी'ची वेलांटी तेवढी बोटाला चिकटून आली.

मग चष्मा पुसला, एकेक अक्षर जोडलं.

किर्रर्र… टक.

सोलला. अख्खी ओळ एकसंध निघाली. खालचं कासवसुद्धा.

आणि दुपारी बेल वाजली.

दारात साठी उलटलेल्या एक बाई. धुळीनं माखलेलं जॅकेट, हातात हेल्मेट. फाटकापाशी कोल्हापूरच्या नंबरची स्कूटर.

मुक्तानं महिन्यापूर्वी फोरमवरच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर आजच्या दिवसाबद्दल लिहिलं होतं म्हणे. ते वाचून निघाल्या.

"उशीर केला मी," त्या म्हणाल्या. "मी कासव."

इतकी वर्षं आम्ही एखादा कॉलेजातला पोरगा समजत होतो. सुनंदाला काकू म्हणणारी ही तिच्याहून मोठीच निघाली. सुनंदा, तू असतीस तर हसून हसून खाली बसली असतीस.

त्या हातपाय धुताहेत, तोवर हे लिहितोय.

सुनंदा, पोहे भिजवलेत. खाऊन झाले की चिकटवतो. मधून कडेकडे. घाई करत नाही.

तू सांगून निघालीस. नीट जा.