खोड आधी सांगणारे अण्णा

अण्णा गेल्याची बातमी पोलादपूरहून आमच्याच मोटारीने महाडला आली, आणि तीही उशिरा, कारण मोटार वाटेत बंद पडली होती. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "भाऊ, अण्णा गेलं..." आणि खरं सांगतो, आधी मला रागच आला. जायचंच होतं तर सौदा होईपर्यंत तरी थांबायचं!

अण्णा माझे थोरले मेहुणे. आम्ही भागीत महाड-पोलादपूर मोटार सर्व्हिस काढली. माझं भांडवल म्हणजे त्यांच्याच बहिणीच्या पाटल्या. आता मुंबईची एक मोठी कंपनी याच रस्त्यावर गाड्या सोडणार होती. त्याआधी सर्व्हिस विकली तर पाटल्या परत होतील, नाहीतर बायकोच्या हाती पत्रा. अण्णा असतानाच एक गिऱ्हाईक मिळालं होतं, मुंबईचे नव्हे, इथलेच एक शेठ. शेठ मोठे हिशेबी. कुठल्याही कंपनीची किंमत तीन तऱ्हांनी काढत. गाड्या मोडीत काय देतील, पुढच्या काही वर्षांच्या मिळकतीचं आजचं मोल काय, आणि असल्या दुसऱ्या सर्व्हिसी कितीला गेल्या. मी मिळकतीचा आकडा छान सजवून ठेवला होता. चहा आला आणि अण्णांनी तोंड उघडलं.

"शेठ, धाकल्या गाडीचा गिअर धड नाय. सावित्रीचं पानी चढलं का वाट बंद. आनि ड्रायव्हर माझा भाचा हाय म्हनून टिकलाय."

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. कसलं काय! बैलबाजारात वाढलेला माणूस. विकताना जनावराची खोड आधी सांगायची, ही त्यांच्या घरची रीत. "अण्णा, हा बैल नाही, कंपनी आहे!" मी कुजबुजलो. "दाजी, दावं आपल्या हातात हाय तवर खोड आपनच सांगायची." शेठ आकडा खाली आणत होते आणि अण्णा आणखी खोडी आठवत होते! भाव ठरलाच नाही. घरी येऊन मी ताटावर आकडेच जुळवत बसलो; अण्णा मात्र पोटभर जेवले, वर बहिणीला म्हणाले, "कढी झकास झालीय गो."

तेराव्यानंतर शेठ पुन्हा आले. आता मध्ये बोलणारं कुणी नव्हतं. गाड्यांना मी रंग दिला होता. "खोडी काय?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "होत्या त्या दुरुस्त केल्या. आता एकही नाही."

शेठनी वही मिटली. मग म्हणाले, "अण्णांनी सांगितलं तेवढंच मी वजा केलं होतं, बाकीचं डोळे मिटून खरं धरलं. तुम्ही म्हणता खोडच नाही. मग काय लपलंय ते कसं कळणार, आणि वजा करू तरी किती?" आणि थेट मोडीचा भाव बोलले.

"थांबा," मी ओरडलोच. मग बसलो आणि सांगू लागलो... मोठी गाडी चढणीवर तापते, कालच वाटेत बंद पडली, अण्णांचा भाचा आता राहील याचा भरवसा नाही... शेठ मान डोलवत लिहून घेत होते. अण्णा, काय हा छळ! तुमच्यावाचून मला साधी एक मोटार विकता येत नाही हो.