बेटावरची सटवाई

तिकोणा पेठेच्या आसपास ज्याला त्याला जगात आणलं ते चिमाबाईनं. ठाकरवाडीतली सुईण. हात असा हलका, की आडवं आलेलं पोर सरळ व्हायचं. आणि तोंड असं फाटकं, की दाराशी घुटमळणारा नवरा अंगणापार व्हायचा. बाळंतिणीला कुणी त्रास द्यायचा नाही, हा तिचा कायदा.

हाच कायदा तिनं कासवाला लावला, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

पवनेवरच्या धरणाच्या तेव्हा नुसत्या बाता होत्या. पाणी उतरलं की गावाखाली नदीत वाळूचं बेट उघडं पडे आणि कासवीण तिथं अंडी घालायला येई. एकदा गोधड्या धुताना चिमाबाईनं तिला पाहिलं. मागच्या पायांनी खड्डा उकरला, अंडी घातली, वर वाळू सारली आणि बापडी एकटीच निघून गेली. ना शेक, ना डिंकाचा लाडू! चिमाबाईला भडभडून आलं. आणि दुसऱ्याच दिवशी गावातले टोळभैरव ती अंडी उकरून, भाजून खाऊन मोकळे!

बाईनं शिव्यांची लाखोली वाहिली. कोण ऐकतंय! मग तिनं एक गोल धोंडा बेटावर नेला, शेंदूर फासला आणि ठोकून दिलं, "सटवाई हाय हितं. पाचवीला लेकराच्या कपाळी लिवती तीच. वाळू उकरंल त्याचा वंश बुडंल."

मात्रा लागू पडली. बेटाकडं कुणी फिरकेना. इवलीइवली पिल्लं लगबगीनं पाण्यात शिरताना बघून चिमाबाई एकटीच हसायची.

पण सटवाई जागृत निघाली, त्याला काय करणार? भिमाजीच्या सुनेनं नवस केला, मुलगा झाला. सोडवली चिमाबाईनं, पावला धोंडा. पोराचं जावळ काढायला सारा गोतावळा बेटावर लोटला. मग दर माघी पुनवेला जत्राच भरू लागली. बोकड पडू लागले, आणि नैवेद्यासाठी उकरलेलं देवीला चालतं असं ठरवून वाळूत चुली खणल्या जाऊ लागल्या. खणताना अंडी सापडली तर लोक भक्तिभावानं कपाळाला लावीत आणि रश्श्यात सोडीत. देवीचा प्रसाद म्हणे!

चिमाबाई भर जत्रेत ओरडली, "आरं, खोटं हाय समदं! धोंडा म्या आणलाय वढ्यातनं. शेंदूर बी माजाच!"

"वारं आलं गं हिच्या अंगात!" भिमाजीची बायको अंबूबाई म्हणाली, आणि बायांनी चिमाबाईची ओटी भरली.

पुढच्या हिवाळ्यात एकही कासवीण आली नाही. चिमाबाई रोज काठावर बसून वाट बघायची. शेवटी गावचा कारभारी रखमाजी, त्याच्या दारात जाऊन ती ढसाढसा रडली. "आबा, कासवं गेली ओ! माजं चुकलं. तेवढी जत्रा दुसरीकडं हलवा, पाया पडते तुमच्या."

रखमाजीची नातवंडं हिच्याच हातची. त्याला गलबलून आलं. "रडू नगंस, चिमाबाई. गावावर तुजे लय उपकार हायेत. कासव आणतो की!"

माघी पुनवेला तिला वाजतगाजत बेटावर नेलं. सटवाईसमोर नवंकोरं दगडी कासव बसवलं होतं, देवळात असतं तसं. पाथरवटानं डोळेसुद्धा कोरले होते. पहिलं पाणी घालायचा मान चिमाबाईचा.

"बघ," रखमाजी हात जोडून म्हणाला, "ह्ये आता कुटं बी जायाचं न्हाई."

चिमाबाईनं पाणी घातलं. सुईणीच्या सवयीनं तिचा हात कासवाच्या पोटाखाली गेला. तिथं घट्ट चुना भरला होता.